पाण्यावरचा माग

माझ्या नणंदेला पुण्याच्या एका संस्थेची फेलोशिप मिळाली तेव्हा आमच्या खारवणे बंदरात पहिला प्रश्न शेजारच्या सुलूकाकीने विचारला. "म्हंजे नोकरी, का शिक्षान?" मी म्हटलं, "काकी, दोन्ही आहे आणि दोन्ही नाही." सासूबाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाहेर येत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरगा शिपवर, पोरगी फेलोशिपवर. आता सून तेवढी जमिनीवर रवली."

फेलोशिपचा विषय होता 'ऊर्जेचं भूराजकारण आणि प्रादेशिक सुरक्षा'. हे नाव मी सासूबाईंना अनेकदा सांगितलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं, "पन ती करनार काय?" शेवटी एकदा गॅसची शेगडी पेटवता पेटवता म्हटलं, "आई, हा गॅस कुठून येतो, वाटेत तो कोण अडवू शकतो आणि अडवलाच तर आपली चूल कशी पेटायची, याचा ती अभ्यास करणार." मग त्यांना पटलं. "असा हाय तर चांगला हाय," म्हणाल्या.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा ही नणंद प्रणिता, आमची पनू, सहावीत होती, दोन वेण्या घालायची आणि गणिताला टाळायची. माझा नवरा रुपेश वर्षातले आठ महिने समुद्रावर. सासूबाईंसमोर मी त्याला 'हे' म्हणते, एरवी रुपेशच. आम्हाला मूल झालं नाही. लोक हळहळायचे, पण मला फारसं जाणवलं नाही, कारण माझ्याकडे पनू होती. तिचे प्रयोग, तिची आजारपणं, दहावीला तिने केलेली रडारड, सगळं मी निस्तरलं. ती मला वहिनी म्हणते, पण माझ्याशी भांडते ती आईशी भांडावं तशी. हे आधी सांगितलं पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही.

फेलोशिपच्या पहिल्या सुट्टीत पनू घरी आली आणि मला ओढत खाडीवर घेऊन गेली. पलीकडे जाणारी फेरीबोट नुकतीच सुटली होती.

"वहिनी, बोटीच्या मागे बघ. काय दिसतं?"

"पाणी."

"मास्तरणीसारखं नीट सांग ना!"

मी नीट पाहिलं. बोटीच्या दोन्ही बाजूंनी लाटांच्या दोन रेघा फाकत गेल्या होत्या आणि मधोमध एक गुळगुळीत पट्टा उरला होता. पनू म्हणाली, त्या दोन रेघांमधला कोन खोल पाण्यात सगळ्या जहाजांचा जवळजवळ सारखाच असतो. होडी असो नाही तर तेलाचा टँकर. त्यामुळे कोनावरून काही कळत नाही. कळतं ते कोनाच्या आतल्या भानगडीवरून. जहाज पाण्यात किती बुडालंय, पुढून जड आहे की मागून, पंख्याचं एखादं पातं कुठे टवकलंय का, तळाला शिंपले किती चिकटलेत, या सगळ्याने पाणी वेगवेगळं घुसळलं जातं. मधला तो गुळगुळीत पट्टा जहाज निघून गेल्यावरही तासन् तास राहतो, मैलोन् मैल. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. पण रडार लावलेला उपग्रह वरून बघतो तेव्हा खडबडीत पाणी उजळ दिसतं आणि गुळगुळीत पाणी काळं. ढग असोत, काळोख असो, रडारला फरक पडत नाही.

"म्हणजे जहाजाने आपलं नाव लपवलं तरी माग राहतोच," मी म्हटलं.

"हेच! आज प्रत्येक जहाजावर एक यंत्र असतं, ते सतत ओरडत असतं, मी अमुक, मी तमुक ठिकाणी आहे. पण ज्याला लपायचं तो ते यंत्र बंद करतो. तेलाचा बराच व्यापार असा तोंड लपवून चालतो. आणि कोणाच्या जहाजात काय आहे हे माहीत नसलं की शेजारी देश घाबरतात, आणि घाबरलेला आधी गोळी झाडतो. मागावरून जहाज ओळखणारं यंत्र बनवून मला ती भीतीच घालवायची आहे. सगळ्यांना सगळं दिसू दे."

"शितावरून भाताची परीक्षा करायची तुझ्या यंत्राने."

"हो. पण शिजलेलं शीत कसं असतं, ते आधी त्याला कोणीतरी शिकवायला हवं ना," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला.

तिची अडचण तीच होती. उपग्रहाकडे हजारो मागांची चित्रं होती. पण कुठला माग कुठल्या जहाजाचा, त्या दिवशी ते भरलेलं होतं की रिकामं, हे खात्रीने सांगणारं कोणी नव्हतं. कंपन्या सांगत नाहीत आणि सांगतात ते खरं नसतं. खऱ्या माहितीवाचून यंत्र शिकणार कसं? वर्ष संपत आलं होतं आणि तिचं काम तिथेच अडलं होतं.

आता आमच्या बंदराची एक रीत सांगते. घरचा माणूस ज्या जहाजावर असेल ते भरून निघालं की घरच्या बाईने धक्क्यावर जाऊन मूठभर तांदूळ पाण्यात सोडायचे. रिकामं निघालं तर नुसतं फूल. शिडाच्या गलबतांच्या काळापासूनची ही रीत. मुसलमान आळीतल्या मुकादमांच्या घरच्या बायकाही तांदूळ सोडतात आणि वर दुवा मागतात. म्हणून इथला प्रत्येक खलाशी बंदर सोडताना घरी निरोप पाठवतो. जहाजाचं नाव, कुठून कुठे, आणि ड्राफ्ट, म्हणजे जहाज किती मीटर पाण्यात बुडालंय तो आकडा. ड्राफ्ट कशाला? तर जहाज अर्धंच भरलं असेल तर तांदूळही अर्धी मूठच सोडायचे. श्रद्धा असली तरी आमच्या बायकांचं माप चोख! एकीला निरोप आला की ती तो 'धक्का' नावाच्या ग्रुपवर टाकते, मग बाकीच्याही तिच्यासोबत जातात. तो ग्रुप पनू शाळेत असल्यापासून चालू आहे.

एका सकाळी घावणे खाताना सासूबाई मोबाइलवर मोठ्याने वाचत होत्या, "मुकादमांचा अस्लम, फुजैराहून निघाला, भरून, ड्राफ्ट साडेअकरा." पनूच्या हातातला घावणा तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, हे सगळं खरं असतं?"

"देवासमोर खोटं कोण बोलेल गो?" सासूबाईच म्हणाल्या.

दुपारपर्यंत सासूबाईंनी घरोघर फिरून बायकांना तयार केलं. पोरीच्या अभ्यासाला मदत, यापलीकडे कोणी काही विचारलं नाही. उलट आपल्या नवऱ्याचं जहाज पुण्याच्या संस्थेत जाणार म्हणून बायका खूष झाल्या. इतक्या वर्षांचे निरोप पनू पुण्याला घेऊन गेली, आणि तिचं यंत्र शिकायला लागलं.

ते इतकं छान शिकलं की पनू टीव्हीवर आली. संस्थेच्या अटीनुसार ते यंत्र शेजारच्या सगळ्या किनारी देशांना खुलं करायचं होतं. विश्वास वाढावा हाच हेतू होता, आणि पहिल्या वर्षी तो वाढलाही. एका बेटावरच्या देशाचं नौदल एका जहाजावर चाल करून जाणार होतं, आत शस्त्रं असल्याच्या संशयाने. माग बघून कळलं की जहाज साफ रिकामं आहे. ती लढाई टळली. मी वर्गात फळ्यावर जहाजाचा माग काढून पोरांना सांगितलं, हे आपल्या शाळेच्या मुलीने केलंय. गर्व झाला होता मला, लपवत नाही.

मग आखातात दोन देशांचं जुंपलं.

त्या लढाईत पहिला बळी खऱ्याचा गेला. दोन्ही बाजूंनी खोटे संदेश सोडून जहाजांची ठावठिकाणा सांगणारी यंत्रं अशी बिघडवली की समुद्रात असलेलं जहाज नकाशावर वाळवंटात दिसू लागलं. जहाजांनी मग यंत्रं बंदच केली. आता कोण काय ओरडतंय यावर कोणाचाच भरवसा उरला नाही. भरवसा उरला तो फक्त पाण्यावरच्या मागावर. दोन जहाजं बुडाली. ती कशी हेरली, कोणी हेरली, कोणालाच नीट माहीत नव्हतं. इकडे गॅसच्या सिलिंडरसाठी रांगा लागल्या, आणि रुपेशला कंपनीचा फोन आला. तो गॅसच्या जहाजावर चीफ ऑफिसर होता. सुट्टी संपायच्या आधीच त्याला बोलावलं होतं.

पनूला मी फोनवर सहज सांगितलं, तर ती दुसऱ्या दिवशी दारात हजर. बॅगसुद्धा आणली नव्हती.

जेवणं चालली होती. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं, तिच्या आवडीचं. ती पानाला शिवलीही नाही.

"दादा, या खेपेला जाऊ नको."

"का गो? टीव्हीवर आलीस म्हणून आता हुकूम सोडणार?"

"मस्करी नको. ऐक." तिने सासूबाई आत गेल्याचं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी यंत्र तपासलं. बाहेरची जहाजं ते अर्ध्याच वेळा ओळखतं. पण काही जहाजं ओळखायला ते जवळपास चुकतच नाही. ती कुठली, माहितेय? आपल्या बंदरातली माणसं ज्यांच्यावर आहेत ती. त्याला खरं शिकवलं ते आपणच ना. आपली जहाजं त्याला पाठ झालीत दादा. उद्या कोणी ठरवलं की इकडे येणारा गॅस तोडायचा, तर पहिली सापडतील ती आपली."

रुपेशचा हात थांबला. मीही वाटी खाली ठेवली.

"मग ते यंत्र बंद करा," तो म्हणाला.

"ते आता सात देशांत आहे. मी संचालकांना लिहिलंय. समिती बसेल म्हणतात."

"आणि तोवर?"

"तोवर तू घरी राहा."

"आणि अस्लम? माझ्याच जहाजावर पंपमन आहे तो. वरच्या आळीतली चार पोरं आहेत. त्यांना काय सांगू?"

पनूने पान बाजूला सारलं. मग म्हणाली, "हे बाहेर सांगायची मला परवानगी नाही. तुला सांगायचीसुद्धा नव्हती."

"झाकली मूठ सव्वा लाखाची होती, पनू. ती तूच उघडलीस," रुपेश म्हणाला. रागाने नव्हे, पण तिचे डोळे भरून आले. तेव्हा तो उठला, डाव्या हाताने तिच्या डोक्यावर टपली मारली. "रडू नको. मी घरी बसलो तर माझ्या जागी दुसरा कोणीतरी जाईल, त्याला तर यातलं काहीच माहीत नसेल. मला निदान माहीत आहे. काही करता येतं का ते सांग."

पनूने डोळे पुसले. आणि मग ती शास्त्रज्ञ झाली. मी तिला असंच वाढवलं होतं, रडून झालं की उत्तर शोधायचं. ती म्हणाली, यंत्र जहाज ओळखतं ते मुख्यतः त्याच्या तोलावरून. तोल बदलला तर मागही बदलेल. "भरलेलं जहाज मागून किंचित जड असतं. तू उलटं कर. तोल सांभाळायच्या टाक्यांतलं पाणी पुढे घे, नाक खाली घाल. वेग सारखा बदलत राहा. मग यंत्राला ते तुझं जहाज वाटणारच नाही."

"नाकावर चालणारं जहाज!" रुपेश हसला. "कॅप्टन मला पाण्यात फेकेल. पण तोल माझ्या हातात असतो. करतो."

"नक्की करशील?"

"बघू."

त्याच्या 'बघू'चा अर्थ कोणालाच कधी कळला नाही. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला आणि तिथून विमानाने जहाजावर. पनूही पुण्याला परतली.

जहाज भरून बंदराबाहेर पडताच रुपेशचा फोन आला. माझी मधली सुट्टी होती. "ड्राफ्ट आज पुढे जास्त आणि मागे कमी आहे, आईला सांगू नको, ती तांदळाचा हिशेब चुकेल," तो म्हणाला. "पनूने सांगितलं तसंच केलंय. कॅप्टन बोंबलतोय, जहाज रेड्यासारखं वळायला तयार नाही म्हणून." मागे यंत्रांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "जेवलास का?" बोलण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही. तो म्हणाला, "तुझ्या हातचं नाही." मग घंटा झाली आणि मी फोन ठेवला.

दोन दिवसांनी मी नववीच्या वर्गावर होते. मुख्याध्यापक दारात आले आणि नुसतेच उभे राहिले. मला तेव्हाच कळलं. हातातला खडू मी व्यवस्थित फळ्याच्या कडेला ठेवला, एवढं आठवतं.

रुपेशचं जहाज आखातात बुडवलं गेलं, रुपेश मिळाला नाही. समुद्राने काहीच परत दिलं नाही. सासूबाई मोठ्याने रडल्या, मी रडले नाही, तर बायकांना काळजी वाटली. मला राग आला होता. समुद्राचा, कंपनीचा, त्या दोन देशांचा, आणि सर्वांत जास्त त्याचा, की जेवलास का विचारलं तर धड उत्तरही दिलं नाही त्याने.

पनूला येता आलं नाही. घरच्यांना माहिती दिली म्हणून संस्थेने तिची चौकशी लावली होती, पुणं सोडायची मनाई होती. तिच्याआधी अस्लम आला. वाचलेल्या तिघांपैकी एक. दोन्ही हात भाजलेले, पट्ट्यांत गुंडाळलेले. त्याची बायको त्याला धरून आमच्या पडवीत घेऊन आली. सासूबाई देवळात गेल्या होत्या.

"भाभी, कंपनीने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पण तुमच्याशी खोटं नाय बोलायचा मी."

मी पाणी दिलं. ते त्याच्या बायकोने त्याला पाजलं.

"आमच्या पुढं दोन जहाजं होती, भाभी. दोन्ही गॅसची, दोन्हींवर आपलीच माणसं. त्यांना कोनी हात लावला नाय. सरळ जाऊ दिला. कारन ती ओळखली होती. गॅसची रोजची जहाजं हायत, ह्यांच्यात दुसरा काय नाय, असा त्यांना म्हाईत होता. मग आमी गेलाव. लढनाऱ्यांच्या बोटीनं रेडिओवर इचारला, तुमी कोन? रुपेशसायबांनी नाव सांगितला. ते बोलले, खोटा हाय. ह्या नावाचा जहाज असा चालत नाय. तुमचा माग कुठल्याच जहाजाशी जुळत नाय. सायबांनी परत परत सांगितला, भाभी. घसा फुटंस्तवर सांगितला." तो थांबला. "आदी बुडाली ती दोन जहाजं पन तशीच. अनोळखी. जो ओळखला जात नाय, त्यालाच मारतात ते."

मी जितक्या सहज विज्ञान शिकवते, तितक्याच सहज मला ते समजलं. सगळ्या समुद्रावर जहाजं आपापल्या नेहमीच्या मागासह चालली होती. आणि त्यांत एकच जहाज असं, जे मुद्दाम वेश बदलून चाललंय. कोणालाही वाटेल की त्याच्या पोटात काहीतरी आहे. पनूला भीती वाटली होती ओळखलं जाण्याची. पण ओळख हेच त्यांचं चिलखत होतं, आणि तिने ते प्रेमापोटी भावाच्या अंगावरून उतरवून घेतलं.

"अस्लम, हे कोणालाही सांगू नकोस," मी म्हटलं. "पनूला तर कधीच नाही."

त्याने मान हलवली.

पुणं सोडायची मुभा मिळून पनू आली तेव्हा दिवसकार्य होऊन गेलं होतं. इतकी वाळली होती की सासूबाईंनी तिला आधी ओळखलंच नाही. ती आईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्या. आणि मग मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"वहिनी, एक विचारू? खरं सांग. दादाने माझं ऐकलं होतं का?"

तिच्या डोळ्यांत मी बघितलं. 'हो' म्हटलं असतं तर ती पोर त्याच जागी संपली असती. घरातला एक गेला होता. दुसरं घालवायची माझी तयारी नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "तो कधी कोणाचं ऐकतो?"

तिने डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला. मग हुंदका फुटला. "मला माहीत होतं! इतकं सांगितलं होतं त्याला. ऐकलं असतं तर आज…" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेव्हापासून घरात रुपेश हट्टी झाला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "बयनीने पाया पडून सांगितला, पन माजा पोर कुनाचा आयकायचाच नाय." माझ्या तोंडून निघालेलं खोटं त्या रडत रडत मलाच सांगायच्या. ज्या माणसाने मुकाट्याने धाकट्या बहिणीचं ऐकलं आणि त्यापायी गेला, त्याला मी गावभर हेकट ठरवलं होतं. रोज त्याच्या फोटोसमोरून जाताना मला त्याची माफी मागावीशी वाटायची. पण पनू जेवत होती, झोपत होती, परत कामाला लागली होती. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून मी गप्प राहिले.

पावसाळा सरता सरता पनूचा फोन आला. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जीव होता. "वहिनी, चौकशी संपली. उलट जहाजांच्या सुरक्षेच्या समितीवर घेतलंय मला. आणि माझी शिफारस मान्य झाली! आखातातून येणाऱ्या सगळ्या गॅसच्या जहाजांना सूचना जाणार, तोल बदला, माग बदला. दादाने ऐकलं नाही, निदान बाकीचे तरी ऐकतील. रविवारी मी स्वतः येतेय, आपल्या बंदरातल्या लोकांना समजावून सांगायला. सोमवारी सुलूकाकीचा संतोष निघतोय ना?"

मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्या एका शब्दाचं हे असं झाड झालं होतं.

रविवारी सकाळी ती आली. शाळेच्या हॉलमध्ये माणसं जमत होती. सासूबाई कधीच जाऊन पुढे बसल्या होत्या. पनू पडवीत आरशासमोर केस बांधत होती.

"पनू, बस जरा."

"उशीर होतोय वहिनी, तिथेच बोलू."

"तिथे नाही बोलता येणार. बस."

मी सगळं सांगितलं. रुपेशचा फोन, कॅप्टनची बोंब, अस्लमचे हात, रेडिओवरचे प्रश्न. पुढची दोन जहाजं ओळखली गेली म्हणून वाचली, हे सांगितलं. शेवटी सांगितलं, "मी तुझ्याशी खोटं बोलले. त्याने तुझं ऐकलं होतं. तू सांगितलंस तसंच केलं होतं त्याने."

ती हललीसुद्धा नाही. अर्धे बांधलेले केस तसेच राहिले. मला वाटलं ओरडेल, मला मारेल, कोसळेल. तिने कोरड्या आवाजात विचारलं, "नाक किती खाली घातलं होतं?"

"अस्लम म्हणतो, एक मीटर."

"मी एवढंच सांगितलं होतं," ती म्हणाली.

मग उठली. मी तिचा हात धरला. "नको जाऊ. मी जाते, मी सांगते त्यांना काहीतरी."

"काहीतरी नको आता," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

मी तिच्या मागे मागे शाळेपर्यंत गेले. हॉल भरला होता. संतोष मागच्या भिंतीला टेकून उभा होता, अस्लम हात मांडीवर ठेवून बाकावर बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं, मी पनूला सांगितलंय. पनू फळ्यासमोर उभी राहिली.

"जहाजाचा तोल बदलू नका," ती म्हणाली. "नेहमीसारखेच जा. नेहमी चालता तसेच चाला. सूचना येईल, ती माझीच आहे. ती चूक आहे, मी आजच मागे घ्यायला लावते. तोवर ती आली तरी मानू नका." तिने फळ्याची कड धरली. "माझ्या दादाने माझं ऐकलं होतं. म्हणून तो गेला."

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलंच नाही. त्या हळूहळू वळल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत राहिल्या.